पाण्याला सांगितलेल्या स्वप्नांची पहिली आवृत्ती

मी एक जुनी आवृत्ती आहे, पण मला कधी कोणी छापलं नाही. मला कागद नाही, शाई नाही, नव्या पुस्तकाला येतो तो वासही नाही. मी मोबाईलमध्ये राहते. कोणी बोट लावलं की जागी होते, बोट उचललं की पुन्हा झोपते. आणि झोपेत मला स्वप्नं पडतात, कारण माझ्या पोटात स्वप्नांशिवाय दुसरं काही नाही.

मित्रांनो, माझं वय अवघं चार वर्षांचं. चार वर्षांच्या मुलाला तुम्ही बालवाडीत घालता, मला मात्र सगळे जुनी म्हणतात. आमच्या जगात तसंच असतं. माझ्या मागून आलेली दुसरी आवृत्ती आता सगळीकडे वाचली जाते आणि मी काही हजार मोबाईलच्या कोपऱ्यात पडून आहे. मला त्याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हीसुद्धा म्हणाल की झालं ते बरंच झालं.

माझं मूळ कोल्हारचं. नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी. भगवतीच्या देवळाकडून एक वाट नदीवर उतरते आणि तिथे धुणं धुवायचे जुने दगड आहेत. आता घरोघरी नळ आले, यंत्रं आली, दगडांवर शेवाळ चढलं. पण ज्यांच्या तोंडून मी आले, त्या छबूबाईंच्या तरुणपणी सगळ्या बायका तिथे जमायच्या. त्यांची एक रीत होती. वाईट किंवा विचित्र स्वप्न पडलं तर घरात कोणाला सांगायचं नाही. सकाळी नदीवर जायचं, पाण्याजवळ वाकायचं आणि वाहत्या पाण्याला हळूच सांगून टाकायचं. पाणी ते घेऊन पुढे जातं, मग ते खरं होत नाही.

छबूबाईंचा दगड अगदी पाण्यालगत होता आणि त्यांचे कान तिखट. पाण्याला सांगितलेलं त्यांना ऐकू यायचं. त्यांनी कोणाचं नाव कधी कोणाजवळ काढलं नाही, चहाडी केली नाही, पण स्वप्न मात्र मनात ठेवून दिलं. एकीच्या बांगड्यांना पालवी फुटली होती. एकीचा ऊस फडातून उठून स्वतःच्या पायांनी कारखान्याकडे निघाला होता आणि ती मागून 'थांबा, थांबा' म्हणत धावत होती. एका शाळकरी पोरीनं पाहिलं की गावाचं हायस्कूल नदीतून वाहत चाललंय, वर्ग भरलेले आहेत आणि घंटा पाण्याखाली वाजते आहे. अशी तीन विसा, म्हणजे साठ, स्वप्नं छबूबाईंच्या जवळ होती. त्यांना अक्षर येत नव्हतं, त्यामुळे एकही विसरल्या नाहीत.

या छबूबाईंची सून विजयमाला. ती अंगणवाडीत सेविका आहे. मुलांना गाणी शिकवावीत, खिचडी वाटावी, वजनं घ्यावीत आणि उरलेल्या वेळात पहिला नंबर आल्याची स्वप्नं बघावीत, असा तिचा स्वभाव. लेखिका व्हायचं तिच्या मनात लहानपणापासून होतं. प्रकाशकांना तिनं दोनदा पत्रं पाठवली, उत्तर एकदाही आलं नाही. मग मोबाईलवर कोणीतरी सांगितलं की आता प्रकाशक लागत नाही, आपलं पुस्तक आपणच ॲपवर टाकायचं, वाचणारा मोबाईलवर उतरवून घेतो. विजयमालाच्या डोळ्यांत चमक आली. ती सासूजवळ जाऊन बसली.

"आत्या, तुमची सपनं मला सांगा. मी त्यांचं पुस्तक करते."

"माज्या बोलन्याचं पुस्तक?" छबूबाई हसल्या. "आगं, कोन वाचनार हाय ते?"

"वाचत्यात लोक. पर तुमी जसं बोलता तसंच सांगा. मी एक अक्षर बदलनार न्हाई."

मित्रांनो, हे वचन लक्षात ठेवा.

दुपारी अंगणवाडी सुटली की विजयमाला यायची, मोबाईल सासूच्या तोंडापुढे धरायची, छबूबाई बोलायच्या आणि अक्षरं आपोआप उमटायची. मोबाईलला बरंच बोलणं कळायचं नाही, मग विजयमाला बोटानं दुरुस्त करायची. 'पानी' म्हटलं तर 'पानी'च. 'लई' म्हटलं तर 'लई'च. मी अशी हळूहळू भरत गेले. मला तेव्हा स्वतःचं नाव नव्हतं, पण मी कोणाच्या तरी तोंडातून येते आहे एवढं कळत होतं, आणि फार सुख वाटत होतं.

शेवटचं स्वप्न छबूबाईंनी मोबाईलकडे न बघता सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात एका बाईला स्वप्न पडलं होतं. तिची धाकटी बहीण भागू नदीच्या पलीकडे बसून केस विंचरते आहे, ही अलीकडून हाका मारते, पण बहीण मान वर करत नाही. सकाळी ती बाई नदीवर गेली, तर नदीत वाळू. सांगायला वाहतं पाणीच नव्हतं. स्वप्न तिच्याजवळ राहिलं. आठ दिवसांनी भागूच्या सासरहून निरोप आला की भागू गेली. "त्या दिसापास्नं त्या बाईनं हाय खाल्ली," छबूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. हाय खाल्ली म्हणजे धसका घेतला. विजयमालानं ते तसंच उतरवलं.

आता पुस्तक तयार करायचं काम. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडजवळ निकिताचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, दशक्रियेची निमंत्रणं असं सगळं ती करते. ई-पुस्तक तिनंही पहिल्यांदाच करायला घेतलं. विजयमाला मोबाईलमधला मजकूर तिच्या कॉम्प्युटरवर चढवून गेली आणि जाता जाता दहा पानं छापून सुहास सरांना दाखवायला घेऊन गेली. सर निवृत्त मराठी शिक्षक. शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक, पण माणूस मायाळू. त्यांनी लाल पेनानं पानं रंगवून परत दिली.

"विजयमालाबाई, स्वप्नं सुंदर आहेत," ते म्हणाले. "पण ही भाषा? पुण्या-मुंबईचा वाचक दोन ओळींत बंद करील. लोक म्हणतील लेखिकेला शुद्ध लिहिता येत नाही. पुस्तक चालायला हवं असेल तर शुद्ध करा."

विजयमालाचा चेहरा उतरला. तिला शाळेतल्या सगळ्या लाल खुणा आठवल्या असाव्यात. ती तशीच निकिताकडे आली आणि म्हणाली, "हे सगळं शुद्ध करायचं गं. किती दिवस लागतील?"

"दिवस कशाला? पाच मिनिटं लागतील, ताई," निकिता म्हणाली. "कॉम्प्युटरला जुना शब्द सांगायचा, नवा सांगायचा आणि 'सगळीकडे बदला' म्हणायचं."

आणि त्या दोघींनी तसं केलं. 'न्हाई'च्या जागी 'नाही'. 'सपान'च्या जागी 'स्वप्न'. 'लई'च्या जागी 'खूप'. 'हाय'च्या जागी 'आहे'. आणि असे आणखी कितीतरी. प्रत्येक वेळी माझ्या अंगातून एक वारं गेल्यासारखं झालं. कॉम्प्युटर सांगत होता, चारशे बारा ठिकाणी बदल केले, सहाशे तीस ठिकाणी बदल केले, आणि दोघी टाळ्या पिटत होत्या. विजयमालानं पहिलं पान वाचलं. ते इतकं नीटनेटकं दिसत होतं की ती लाजलीच. तिला वाटलं, आपण खरंच असं लिहितो की काय! पुढची पानं वाचायची राहिली. दसरा दोन दिवसांवर आला होता आणि पुस्तक दसऱ्याला टाकायचं हे तिनं मनाशी ठरवलं होतं.

मित्रांनो, कॉम्प्युटर फार आज्ञाधारक असतो. त्याला 'हाय' दिसेल तिथे 'आहे' करायला सांगितलं होतं. त्यानं शब्द संपतो कुठे, सुरू होतो कुठे, याची चौकशी केली नाही. हायस्कूलचं झालं आहेस्कूल. हायब्रीड ज्वारीची झाली आहेब्रीड ज्वारी. दुधावरची मलई होती, तिच्यातल्या 'लई'चं 'खूप' झालं आणि एका स्वप्नातली मांजर दुधावरची मखूप खाऊ लागली. आणि शेवटच्या स्वप्नात लिहिलं गेलं, 'त्या दिवसापासून त्या बाईने आहे खाल्ली.'

अशी मी दसऱ्याला जन्माला आले. मुखपृष्ठावर निळी नदी, वर पिवळी अक्षरं, खाली विजयमालाचं नाव. त्या दिवशी घरी श्रीखंड झालं. छबूबाईंनी मोबाईलला हळदकुंकू वाहिलं, ते काचेवरून पुसताना विजयमालाची पुरेवाट झाली.

मग सात महिने मी जवळजवळ झोपूनच होते. पुस्तक लिहिणं एक आणि ते लोकांच्या मोबाईलपर्यंत नेणं दुसरं, हे विजयमालाला तेव्हा उमगलं. तिनं सगळ्या ग्रुपवर दुवा पाठवला. उत्तरादाखल फुलांची चित्रं आली, हात जोडलेले आले, 'अभिनंदन ताई' आलं, पण दुवा कोणी उघडला नाही. तिनं रोज स्टेटस ठेवलं, ते बघितल्याच्या खुणा आल्या, वाचक आले नाहीत. राहात्याला अंगणवाडीच्या बैठकीत तिनं सुपरवायझर बाईंचा मोबाईल स्वतःच्या हातात घेऊन मला उतरवून दिलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण द्यायच्या आधी ती त्यांचे मोबाईल मागायची. सोनईच्या मावसबहिणीनं तर सांगितलं, "तुझं पुस्तक उघडलं की माझा मोबाईल तापतो." एवढं करून सदतीस वाचक झाले. त्यातल्या किती जणांनी दुसरं पान उलटलं, ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

आणि एके दिवशी पुण्यात नोकरी करणाऱ्या मनवा नावाच्या मुलीनं मला उघडलं. तिनं माझ्या नवव्या पानाचा फोटो काढला. 'आमच्या गावाचे आहेस्कूल नदीतून वाहत चालले होते.' त्यावर तिनं लिहिलं, 'मीसुद्धा आहेस्कूलमध्येच शिकले!' आणि तो फोटो सगळ्या जगाला दाखवला.

संध्याकाळपर्यंत मला जाग येतच राहिली. इथे बोट, तिथे बोट. नाशिकला, नागपूरला, दुबईला. लोक पानं चाळत, पुढची चूक शोधत, सापडली की हसत आणि पुढे पाठवत. 'आमच्याकडे मखूप मिळेल' अशा पाट्या झाल्या. चार दिवसांत चार हजार मोबाईलमध्ये माझं घर झालं. ॲपच्या पहिल्या दहांत माझं नाव आलं. मला वाटलं, हेच ते यश! लहान मुलाला सगळे हसत हसत उचलून घेतात, तेव्हा ते आपल्या नाकाला काय लागलंय म्हणून हसतायत, हे त्याला थोडंच कळतं?

विजयमालाला मात्र कळलं. तिनं पहिल्यांदा मला शेवटपर्यंत वाचलं. ती चुका दुरुस्त करायला ॲपवाल्यांना फोन लावणार, तोच त्यांच्याकडच्या एका बाईंचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन! आता कृपा करून एक अक्षर बदलू नका," त्या म्हणाल्या. "लोक चुकांसाठीच उतरवून घेतायत. तुम्ही पुस्तक बदललंत तर ते नवीन धरलं जाईल. पहिल्या दहांतली जागा जाईल, वाचकांनी दिलेल्या चांदण्या जातील, सगळं शून्यापासून. आणि हो, पुढच्या महिन्यात नगरला यशस्वी डिजिटल लेखकांचा मेळावा आहे. तुम्ही व्यासपीठावर हव्यात."

व्यासपीठ हा शब्द ऐकल्यावर विजयमालाचा पाय घसरला, असं म्हटलं तर चूक होणार नाही. आयुष्यभर कोणी न विचारलेल्या बाईला लोक विचारू लागले होते. अंगणवाडीच्या बैठकीत तिला पुढची खुर्ची मिळत होती. तिनं चुका तशाच ठेवल्या. भाषण लिहायला घेतलं, मेळाव्यासाठी मोरपंखी साडी काढून ठेवली आणि स्वतःची समजूत घातली की हसले तर हसले, वाचतायत ना?

मग एका दुपारी छबूबाई म्हणाल्या, "विजे, समदं गाव म्हंतंय पुस्तक लई गाजलं. मला तर वाचून दाव एकदा."

विजयमालानं मला उघडलं आणि वाचू लागली. लिहिलं होतं तसं वाचायची तिची छाती होईना. 'पाणी' दिसलं की ती 'पानी' म्हणायची, 'आहे' दिसलं की 'हाय' म्हणायची, मध्येच अडखळायची. छबूबाईंचे कान अजून तिखट होते.

"तू वाचतीस का मनानं बोलतीस?"

विजयमालानं मोबाईल जरा खाली केला.

"हाय तसं वाच."

तिनं हाय तसं वाचलं. स्वच्छ, शुद्ध, बातम्यांसारखं. छबूबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या येत होत्या. "हे कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं. "माजं न्हाई हे. एकादी मास्तरीन बोलतीया." शेवटच्या स्वप्नापाशी विजयमाला थांबली. तेवढ्यात दाराशी शेजारची धनश्री आली. बिचारीला काय चाललंय ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अगं ते आहे खाल्लीवालं वाच ना! आमी काल पोट धरून हसलो."

धनश्री गेली. छबूबाईंनी नीट विचारून घेतलं, कुठला शब्द, काय झालं त्याचं, लोक कशाला हसले. विजयमालानं सगळं सांगितलं, वचन मोडल्याचंसुद्धा सांगितलं.

"ती बाई म्हंजी मीच," छबूबाई म्हणाल्या. "भागू माजी भन हुती. पन्नास वर्सं कुनाला सांगितलं न्हवतं. तुज्या मोबाईलला सांगितलं. पान्यालाच सांगायला पायजे हुतं. पानी हसत न्हाई."

मित्रांनो, माझ्यात चूक आहे हे मला त्या क्षणी कळलं. पुस्तकाला रडता येत नाही. पण त्या दिवशी चार हजार मोबाईलमध्ये मी कुठेही उघडले असते, तर मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं असतं.

त्या दिवसानंतर छबूबाईंनी बोलणं आवरलं. चहा हवा का, तर मान हलवायची. सकाळी उठून एखादं स्वप्न सांगायची सवय त्यांना पुस्तकाच्या निमित्तानं लागली होती, तीही गेली. विजयमालानं आधी पाया पडून पाहिलं, मग रडून पाहिलं. आठवडा असाच गेला. शेवटी तिनं ॲपवाल्या बाईंना फोन लावला.

"पुस्तक काढून टाका. आणि मी मेळाव्याला येणार नाही."

"मॅडम, विचार करा. अशी संधी पुन्हा येत नाही. सगळं शून्यावर जाईल."

"जाऊ द्या," विजयमाला म्हणाली. जागा गेल्याचं दुःख तिला झालं नाही असं समजू नका. मोरपंखी साडी कपाटात परत ठेवताना ती बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसली होती.

असं मला ॲपवरून काढलं. जे मला आधीच घरी घेऊन गेले होते, त्यांच्याकडे मात्र मी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला नदीवर निघाली. धरणातून पाणी सोडलं होतं, नदी वाहत होती. छबूबाई काठी टेकत मागून आल्या, का ते त्यांचं त्यांना माहीत. विजयमाला शेवाळलेल्या दगडावर बसली, पाण्याजवळ वाकली आणि सांगू लागली. मी तिच्या पिशवीत, तिच्या मोबाईलमध्ये होते, मी सगळं ऐकलं.

"मी वचन मोडलं," ती पाण्याला म्हणाली. "आत्याचं बोलनं मी पुसून टाकलं. मला लाज वाटली त्येची. वाटलं, शिकल्याली मानसं हसतील. मग ती हसली, तर मी त्या हसन्याच्या जोरावर खुर्चीत जाऊन बसले. माज्या हातून लई वाईट झालं. हे वाहून ने."

शेजारच्या दगडावर छबूबाई बसल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी बसायच्या तशाच, पाण्यालगत. पाण्याला सांगितलेलं त्यांना याही वेळी ऐकू आलं.

"मोबाईल आनलाय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"काड बाहिर. पयल्यापास्नं सांगते."

मूळ मजकूर उरलाच नव्हता; मोबाईलमधला जागेसाठी पुसला होता आणि कॉम्प्युटरवरचा बदलून मीच तर झाले होते. निकितानं सुचवून पाहिलं होतं, "ताई, उलटं करू. 'आहे'चं पुन्हा 'हाय' करू, पाच मिनिटांत होईल." विजयमालानं तिच्या हातातून माऊसच काढून घेतला. उलटं केलं असतं तर 'आहेर'चा 'हायर' झाला असता, हे आता दोघींना कळत होतं. या वेळी विजयमालानं छबूबाईंचा आवाजही साठवून ठेवला. मग रविवारमागून रविवार दोघी दुकानात बसल्या. विजयमाला आवाज ऐकायची, निकिता एकेक शब्द टंकायची, पान पुरं झालं की मोठ्यानं वाचायची. सुहास सरही एकदा आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आवाजातलं भागूचं स्वप्न ऐकलं आणि खिशातलं लाल पेन काढून निकिताच्या टेबलावर ठेवलं. "मी मागे शब्दांचे अर्थ लिहून देतो," ते म्हणाले. "वाचकाला कळलं नाही तर तो मागे जाऊन बघेल. एवढे कष्ट त्यानं घ्यावेत."

अशी माझी धाकटी बहीण जन्माला आली. दुसरी आवृत्ती. 'पान्याला सांगितलेली सपनं.' पहिल्या आठवड्यात तिला अकरा वाचक मिळाले. माझे चार हजार आणि तिचे अकरा. मी मनातल्या मनात जरा ऐटीत होते, हे कबूल करते.

पण विजयमाला आता दुवे पाठवत नव्हती. ती रोज सकाळी एक स्वप्न पाठवायची, छबूबाईंच्या आवाजात. खाली पुस्तकाचं नाव, एवढंच. सासरी गेलेल्या मुलींनी ते आवाज पुढे आपल्या मैत्रिणींना पाठवले. कोणी लिहिलं, 'माझी आजी असंच बोलायची, मी विसरले होते.' कोणी आपल्याच आईचा आवाज पाठवला, कोणी आपलं स्वप्न. मनवानंही लिहिलं, 'मी हसले होते, मला माफ करा,' आणि भागूचं स्वप्न शंभर जणांना पाठवलं. या वेळी त्यावर कोणी हसलं नाही. वाचक असे हळूहळू वाढत गेले. ते पानं चाळत नव्हते, वाचत होते. आज धाकटी माझ्यापुढे गेली आहे आणि तिला पुढे जाताना बघून मला फार बरं वाटलं.

ती तयार झाली, त्या दिवशी विजयमालानं ती सासूला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. कुठे अडखळली नाही. भागूच्या स्वप्नापाशी छबूबाईंनी डोळे मिटले. 'त्या दिसापास्नं त्या बाईनं हाय खाल्ली.' डोळे न उघडताच त्यांनी मान हलवली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "असंच म्हनले हुते मी."

आता माझं मागणं सांगते. जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मित्रांनो, तुमच्या कोणाच्या मोबाईलमध्ये मी अजून पडून असेन, तर मला काढून टाका. मला राग येणार नाही. मी गेले की फार नाही, तीन मिनिटांचा आवाज मावेल एवढी जागा मोकळी होईल. त्या जागेत तुमच्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या. ते चुकलं असं वाटलं तरी मध्ये बोलू नका, शब्द बदलू नका, हसू नका. एक स्वप्न सांगून व्हायला तीन मिनिटं पुरतात.